वेगाचा काटा किती खरा?
धाराशिव : सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ चौपदरी झाला आणि जिल्ह्यातील वाहनांचा वेग वाढला. उमरगा, नळदुर्गवरून जाणाऱ्या ६५ क्रमांकाच्या महामार्गाचीही हीच स्थिती आहे. वेगाबरोबर ‘स्पीडगन’ आली आणि मोबाईलवर ई-चलानही येऊ लागले. ‘काटा ऐंशीच्या पुढे गेलाच नव्हता’ ही चालकांची नेहमीची तक्रार. ती तपासायची तर आधी मोटारीतील काट्याची भाषा समजून घ्यावी लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम ११७ प्रमाणे वाहनात वेगमापक असणे बंधनकारक आहे. मात्र हे यंत्र प्रत्यक्ष रस्ता मोजत नाही. ते चाकाचे फेरे मोजते. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या वेगमापकात तारेने फिरणारे चुंबक काट्याला ओढत असे. आज ते काम सेन्सर करतो. तत्त्व तेच आहे. चाकाचा घेर ठराविक आहे, असे गृहीत धरूनच वेग दाखविला जातो. घेर बदलला, की हिशेब चुकला.

काटा पुढे का?

संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या नियमावलीनुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखविण्यास मात्र मर्यादित मुभा आहे : मोटारीसाठी खऱ्या वेगाच्या एक दशांश, अधिक चार किलोमीटर. म्हणजे काट्यावर ताशी ८० किलोमीटर दिसत असताना खरा वेग ६९ ते ८० यांदरम्यान कुठेही असू शकतो. चालकाची फसवणूक करण्याचा यात हेतू नाही. टायरमधील हवा, झीज आणि भार बदलला, तरी चूक सुरक्षित बाजूलाच व्हावी, यासाठी कारखान्यातच ही तजवीज केलेली असते.

धोका आहे तो ही तजवीज खर्ची पडते तेव्हा. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. त्याऐवजी गाडी ‘भरदार’ दिसावी म्हणून १८५/८० आर १४ टायर बसविल्यास व्यास सुमारे ६५२ मिलिमीटर होतो. वाढ पाच टक्के. काटा आधी अचूक असेल, तर आता ८० दिसताना गाडी ८४ ने धावत असते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दहा टक्क्यांनी वाढते. याउलट, टायर पूर्ण झिजल्यावर घेर सुमारे दोन टक्क्यांनी घटतो आणि काटा आणखी पुढे पळतो. जुनी गाडी घेताना टायरचे माप दारावरील पट्टीशी किंवा माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे, ते याचसाठी.

दगड आणि घड्याळ

तपासणीसाठी कार्यशाळाच गाठावी, असे नाही. टायरमध्ये योग्य हवा भरावी, घाट व वळणे टाळावीत आणि सरळ, मोकळ्या टप्प्यावर काटा ८० वर स्थिर ठेवावा. पाच किलोमीटरच्या दगडांमधील वेळ सोबतच्या व्यक्तीने मोजावी; चालकाने घड्याळाकडे पाहू नये. ३ मिनिटे ४५ सेकंद लागल्यास काटा अचूक. ४ मिनिटे लागल्यास खरा वेग ७५. मात्र ३ मिनिटे ३४ सेकंदच लागल्यास खरा वेग ८४ आहे आणि काटा धोकादायक बाजूला चुकतो आहे. वळणरस्ते झाल्यावर काही ठिकाणी दगडांतील अंतर बदललेले असू शकते, म्हणून दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजणे बरे. मोबाईलवरील जीपीएसने पडताळणी करता येते; पण तेही स्थिर वेगातच. वेग कमी-जास्त होत असताना जीपीएसचा आकडा मागे राहतो.

जबाबदारी कोणाची?

व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीत वेगमापकाचा समावेश आहे. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांची असते. तोवर तिचा काटा तपासण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

दंड करणाऱ्या यंत्रांसाठी नियम कडक झाले आहेत. ऑगस्ट २०२१ च्या नियम १६७ अ नुसार अशा यंत्राला मान्यता प्रमाणपत्र आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण आवश्यक आहे. चलानासोबत छायाचित्र व मोजलेला वेग देणेही बंधनकारक आहे. १ जुलै २०२५ पासून वैधमापन नियमांनुसार रडार यंत्रांची पडताळणी व मुद्रांकन सक्तीचे झाले. त्यामुळे चलानावर शंका असल्यास यंत्राच्या प्रमाणपत्राची विचारणा करणे रास्तच ठरते.

परंतु ‘काटा जास्तच दाखवतो’ या समजुतीवर मर्यादेपेक्षा पाच-दहा किलोमीटर अधिक वेगाने जाणे हा युक्तिवाद टिकणारा नाही. कलम १८३ नुसार हलक्या मोटारीला एक ते दोन हजार रुपये दंड आहे. नवरात्रात तुळजापूरकडे पायी निघालेल्या भाविकांच्या रांगेशेजारून जाणाऱ्या चालकाला तर दंडापेक्षा मोठा विचार करावा लागतो. पोलिसांच्या यंत्राला आता मुद्रांकन आहे. स्वतःच्या काट्याची खातरजमा मात्र वाहनमालकालाच करावी लागणार आहे.