पंगतीतले तिखट

हिवाळा उतरणीला लागला की आमच्या मल्हारगंजातील भाजीवाल्यांच्या टोपल्यांत पिकलेल्या लाल मिरच्या दिसू लागतात. घाट उतरून निमाडात गेले, की खरगोन जिल्ह्यातील बेडियाचा प्रसिद्ध मिरचीबाजार लागतो. अशा मुलखाच्या शेजारी राहणाऱ्याची जीभ तिखटाला सोकावली, तर नवल ते काय! इंदुरात सकाळच्या पोह्यांवरही शेव लागते, आणि तीही लवंगेची.

आमचे घरही याला अपवाद नव्हते. रस्सा पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी काढील तरच तो खरा, अशी आमची समजूत. मात्र आमच्या वृद्ध आत्याबाई हळूहळू आमच्याबरोबर पंगतीला बसेनाशा झाल्या. “मला भूक नाही, तुम्ही जेवा,” असे म्हणून त्या मागाहून एकट्याच दूधभात खात. तोंड आल्यामुळे त्यांना आमचा एकही पदार्थ गिळवत नव्हता, हे आम्हांला कित्येक महिन्यांनी कळले. जेवणापूर्वीची प्रार्थना आम्ही रोज एकत्र म्हणत होतो, आणि त्याच मेजावरून आमच्याच हाताने एका माणसाला उठवून लावीत होतो! त्या दिवशी आम्हांला घास गोड लागला नाही.

वास्तविक, मिरची ही आपल्याकडे पाहुणीच. कोलंबस 1492 साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला, तोवर आपल्या देशाला ती ठाऊक नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर आली आणि आपल्या जुन्या मिरीवरून तिला नाव मिळाले. तत्पूर्वी आपले पूर्वज मिरी, पिंपळी, सुंठ यांवर भागवीत, आणि त्यांचे काही अडत नव्हते. मिरचीचा जाळ हा खरे पाहता चवच नव्हे. तिच्यातील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते, म्हणून भाजल्याचा भास होतो. हे गूढ उलगडल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून ठसका लागल्यास पाणी ढोसण्यापेक्षा दूध वा दही घ्यावे.

तेव्हा आम्ही ठरविले, की स्वयंपाक सौम्य करावा आणि तिखट वेगळे, बाटलीत ठेवावे. अमेरिकेत लुइझियाना प्रांतातील एव्हरी बेटावर मॅकिल्हेनी यांनी 1868 साली टबॅस्को सॉसचा धंदा सुरू केला, त्याचे मूळही मिरची, मीठ आणि सिरका एवढेच. मग ते आपल्या घरी का होऊ नये?

कृती सोपी आहे. अर्धा किलो ताज्या लाल मिरच्या धुऊन, पुसून, देठ काढून चिराव्या. तिखटपणा कमी हवा असल्यास आतील पांढरा गाभा काढावा. जाळ मुख्यतः त्यातच असतो. उकळून निववलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवावे. स्वच्छ काचेच्या बरणीत मिरच्या भरून त्यांवर हे पाणी ओतावे, आणि मिरच्या पाण्याखालीच राहतील असे छोटे वजन ठेवावे. सात ते दहा दिवस बरणी सावलीत ठेवून झाकण रोज क्षणभर सैल करावे. बुडबुडे येतील, आंबूस वास सुटेल. हिरवी-काळी बुरशी दिसली, तर हळहळ न करता सगळे टाकून द्यावे. नंतर मिरच्या त्याच पाण्यात लागेल तेवढ्या वाटून 100 मिलिलिटर सिरका घालावा, खिडक्या उघड्या ठेवून दहा मिनिटे उकळावे, गाळावे आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत भरावे. बाटली शीतकपाटात ठेवावी.

आमची पहिली बरणी फसली, हे कबूल केले पाहिजे. झाकण घट्ट लावून आम्ही चार दिवस विसरलो. उघडताच लाल फेस भिंतीवर गेला. शिवाय मिरच्या चिरलेल्या हातानेच डोळा पुसला, त्याची शिक्षा वेगळी! तेव्हा हातमोजे घालावेत. नसल्यास हातांना आधी तेल चोळून मग साबणाने धुवावेत. पोरांना बरणीपासून दूर ठेवावे, हे सांगणे न लगे.

दुसरी बरणी मात्र साधली. आता आमच्या मेजावर मीठदाणीशेजारी ती लाल बाटली उभी असते. ज्याला हवे त्याने चार थेंब घ्यावे. नको त्याने घेऊ नये. धाकटा मुलगा दोन थेंबांवरच ‘हाश हुश’ करतो, थोरला दहावरही थांबत नाही. आणि आत्याबाई आमच्याबरोबर वरणभात जेवतात. परवा त्यांनी स्वतःहून बाटली मागितली, एक थेंब जिभेवर ठेवला आणि हसून म्हणाल्या, “बरे आहे रे, पण आता पुरे.”

प्रायश्चित्तकाळ जवळ येत आहे. जिभेचे काय सोडावे, याचा विचार घरोघरी चालला असेल. आम्ही शुक्रवारी बाटली कपाटातच ठेवणार आहो. परंतु वाचकांना आमची विनंती आणखी एक आहे: आपल्या आवडीपायी आपल्या पंगतीतून कोणी मुकाट्याने उठून तर गेले नाही ना, हे आज रात्री जेवायला बसताना एकदा पाहावे.