झळ वाटून घेताना
अमेरिकेत वैमानिकाचं नशीब बरंचसं ज्येष्ठतेच्या यादीतला क्रमांक ठरवतो. मार्ग, सुट्ट्या, कॅप्टनची खुर्ची, सगळं त्या क्रमांकानुसार. आणि कपात आली की यादीच्या तळापासून सक्तीच्या बिनपगारी रजेवर पाठवणी. दुसऱ्या कंपनीत जावं, तर पुन्हा तळापासून सुरुवात. म्हणून संकटात युनियनला मालकाइतकंच आपल्या ज्येष्ठ सभासदांनाही मनवावं लागतं. कोरोनाकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांपुढे हाच पेच होता: सुमारे २,८५० धाकट्या सहकाऱ्यांची नोकरी वाचवायची, तर इतरांनी कमी तास आणि कमी पगार पत्करायचा. मतदान झालं, विरोधातही मतं पडली, पण तसा करार मंजूर झाला. अमेरिकन एअरलाइन्समध्ये मात्र १ ऑक्टोबरला सुमारे १,६०० वैमानिक घरी बसले. युनायटेडमधल्या ज्येष्ठांचा हा निव्वळ त्याग म्हणू नये. खालची माणसं गेली की वरच्या काहींनाही कॅप्टनपद सोडून सहवैमानिकाच्या खुर्चीत उतरावं लागतं. तरी एकजूट अशाच हिशेबी शहाणपणावर टिकते. वर्गणी सगळेच भरतात. झळ सोसायची तयारी किती, ते मतपेटीच सांगते.