विद्यार्थी-विनिमय आणि तिसरी भाषा

'विनिमय' हा शब्द मूळचा बाजारपेठेतला. एक वस्तू द्यावी व तिच्या बदली दुसरी घ्यावी, एवढाच त्याचा सरळ अर्थ. विद्यापीठांनी तो विद्यार्थ्यांच्या देवघेवीसाठी स्वीकारला तेव्हा अपेक्षाही तीच होती : जाणाऱ्याने काही घेऊन जावे आणि परतताना काही घेऊन यावे. कोलकात्याहून वा पुण्याहून एखाद्या सत्रासाठी उप्साला, लुंड, ऑस्लो किंवा कोपनहेगन येथे जाणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्याकडून ही अपेक्षा कितपत पुरी होते, हा प्रश्न भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी विचारण्याजोगा आहे.

या योजनेचे व्यावहारिक मोल कोणी नाकारणार नाही. युरोपबाहेरील विद्यार्थ्यांकडून डेन्मार्कने २००६ पासून, स्वीडनने २०११ पासून, फिनलंडने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून शिक्षणशुल्क घेण्यास आरंभ केला. विनिमय-करारान्वये जाणाऱ्यास ते तेथे भरावे लागत नाही. तो आपल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी राहतो आणि तेथे मिळविलेले श्रेयांक येथे जमा होतात. मध्यमवर्गीय घरातील मुलामुलींना उत्तर युरोपातील जुन्या विद्यापीठांचे दार या एका वाटेनेच उघडते, असे म्हटले तरी ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

तथापि दार उघडणे निराळे आणि घरात जाणे निराळे. उप्सालाचे विद्यापीठ १४७७ सालचे, लुंडचे १६६६ सालचे. तेथील विद्यार्थी-संघांना 'नेशन' म्हणतात आणि त्यांची नावे स्वीडनच्या प्रांतांवरून पडलेली आहेत. म्हणजे ज्या गावी परका विद्यार्थी जातो, तेथे प्रांत, बोली आणि उच्चार यांची जाण शतकानुशतके जोपासलेली आहे. पाहुण्याच्या वाट्याला मात्र यातले काय येते? त्याचे वर्ग इंग्रजीतून चालतात. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात तो पाऊल टाकतो तेव्हा सौजन्य म्हणून संभाषण इंग्रजीकडे वळते, आणि तो बाहेर पडताच पुन्हा स्वीडिशकडे. दुकान, ग्रंथालय, रेल्वे-स्थानक, कोठेही त्याचे अडत नाही. प्राथमिक स्वीडिशचे वर्ग असतात, पण ते बहुधा ऐच्छिक. आणि ज्यावाचून अडत नाही ते शिकण्यास नोव्हेंबरच्या अंधाऱ्या संध्याकाळी फारसे कोणी बाहेर पडत नाही. सहा महिन्यांनी विद्यार्थी परततो तो इंग्रजी अधिक सफाईने बोलू लागलेला असतो. यजमानांच्या भाषेतली एकही कविता त्याने मुळातून वाचलेली नसते, आणि त्याची मराठी वा बंगाली काय आहे हे यजमानांनाही कळलेले नसते. इंग्रजी ही येथे दोघांचीही नाही. ती तिसरी भाषा आहे. देवघेव झाली ती या तिसऱ्या भाषेच्या दुकानात, आणि माल दोघांनी तिथलाच घेतला.

याहून वेगळे घडू शकते, याची साक्ष कोलकात्याच्याच इतिहासात आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली कोलकात्यात छापला गेला. तो सिद्ध करणारा विद्वान स्टेन कोनो हा नॉर्वेचा. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून सर्वेक्षणाने बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा निवडली होती; दूरदेशी जाऊन सर्वस्व गमावून परतणाऱ्या मुलाची ती गोष्ट कोनोने मराठीच्या कितीतरी बोलींतून, शब्दाशब्दाने पारखली. कोकणीला मराठीची बोली मानण्याचा त्या खंडातील निर्णय आज मान्य होण्यासारखा नाही. पण उत्तरेकडील एका अभ्यासकाने मराठीचे रूप मराठीच्याच नमुन्यांवरून समजून घेतले, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही. पुढे १९२४-२५ मध्ये तोच शांतिनिकेतनात विश्वभारतीचा अभ्यागत अध्यापक म्हणून राहिला.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. सुनीतिकुमार चट्टोपाध्याय विशीच्या दशकाच्या आरंभी लंडनहून पॅरिसला गेले आणि तेथे ज्यूल ब्लॉख यांच्या अध्यापनाचा त्यांना लाभ झाला. मराठी भाषेच्या घडणीवरील ब्लॉख यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला होता. बंगाली भाषेच्या उगम-विकासावरील सुनीतिबाबूंचा ग्रंथ कोलकाता विद्यापीठाने १९२६ मध्ये प्रकाशित केला, तो बऱ्याच अंशी याच नमुन्यावर उभा आहे. म्हणजे कोलकात्याचा विद्यार्थी पॅरिसला गेला, आणि मराठीच्या अभ्यासातून बंगालीकडे पाहण्याची दृष्टी घेऊन परतला. ब्लॉख यांचा ग्रंथही १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादाने मराठीत आला. विनिमय या शब्दाला शोभेल असा व्यवहार तो हा.

स्कॅन्डिनेव्हियाशी भारतीय साहित्यांचा जो संबंध आला, त्यात मात्र अशी थेट वाट क्वचितच दिसते. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यामागचे मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्न्सनचे. अनंत काणेकरांचे 'घरकुल' आणि कोलकात्यात 'बहुरूपी'ने १९५८ मध्ये शंभू मित्रांच्या दिग्दर्शनाखाली सादर केलेले 'पुतुल खेला' ही दोन्ही इब्सेनच्या एकाच नाटकाची अपत्ये. या प्रयोगांनी मराठी व बंगाली रंगभूमी पालटण्यास हातभार लावला, हे निःसंशय. परंतु नॉर्वेचे नाटक मुंबईस व कोलकात्यास आले ते इंग्रजीच्या पुलावरून. उलट दिशेचीही कथा तीच : १९१३ चा नोबेल पुरस्कार देताना स्वीडिश अकादमीने रवीन्द्रनाथांच्या ज्या शब्दांचा गौरव केला ते इंग्रजी शब्द होते. त्या पिढ्यांना दुसरा मार्ग सुलभ नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला तो मार्ग आहे, तो त्या गावीच राहतो. आणि तरीही तो पूल सोडून पाण्यात उतरत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एका सत्रात भाषा येत नाही. हे खरे, पण ते भाषा न शिकण्याचे कारण नसून ती आधी शिकविण्याचे कारण आहे. दुसरा असा की, इंग्रजी नसती तर हा विद्यार्थी तेथे पोहोचलाच नसता. हेही खरे, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरते ते पुरेसेही आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याचा अभ्यासविषय भाषेपलीकडे नसतो, भाषेतच असतो.

म्हणून विनिमय-करार करणाऱ्या साहित्यविभागांनी काही अटी स्वतःवर घालून घ्याव्यात. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी निदान एक वर्ष यजमान भाषा शिकलेली असावी. मुक्काम एका सत्राऐवजी दोन सत्रांचा असावा. परतल्यावर त्याने तेथील एखादी कथा वा काही कविता मुळातून मराठीत किंवा बंगालीत आणाव्यात, आणि त्या कामाला श्रेयांक द्यावेत. येथे येणाऱ्या स्वीडिश वा डॅनिश विद्यार्थ्यालाही हाच नियम लागू असावा. कोलकात्यात सहा महिने राहून त्याने बंगालीवाचून निभावून न्यावे, यात यजमानांनाही भूषण नाही.

आणखी एक गोष्ट, कदाचित सर्वांत निकडीची. कोलकाता विद्यापीठाने १९१९ मध्ये भारतीय भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा मुख्य भाषेच्या जोडीला दुसऱ्या एका भारतीय भाषेचा अभ्यासही त्यात ठेवला होता. हे तत्त्व पुन्हा हाती घेतले तर मराठीचा विद्यार्थी एक वर्ष कोलकात्यात, बंगालीचा विद्यार्थी एक वर्ष पुण्यात किंवा नागपुरात राहू शकेल. त्यासाठी पारपत्र नको, आणि सागरही ओलांडावा लागत नाही. शेजारच्या भाषेत वर्षभर राहून जो तिच्याशी बोलता झाला, तोच पुढे ऑस्लोला जाऊन तेथील भाषेला सामोरा जाईल. ज्याला ही सवय लागली नाही, त्याने कितीही दूरचा प्रवास केला तरी तो त्या तिसऱ्या भाषेच्या दुकानातच मुक्काम करून परत येईल.