पिल्लू घरी आणण्यापूर्वी

वैशाखात बऱ्हाणपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा गावी नातवाला दाट केसांचे, थंड मुलखातले पिल्लू हवे आहे! पूर्वी एकदा केवळ रूपाला भुलून, जेमतेम पाच आठवड्यांचे पिल्लू आम्ही रस्त्यावरच टोपलीतून घेतले होते. त्याची आई कुठे आहे, हे विचारण्याचेही सुचले नाही. नवव्या दिवशी रक्ताची हगवण लागून ते गेले. धाकट्या मुलीने दोन दिवस अन्नाला स्पर्श केला नाही.

या खेपेस माझे मन मुधोळकडे वळले. घोरपड्यांच्या त्या मराठा संस्थानात जोपासलेले, आखूड केसांचे, सडपातळ शिकारी कुत्रे आपल्या उन्हाला सरावलेले असते. २००५ साली टपाल तिकिटावरही ते झळकले. मात्र त्याला धावावयास मोकळे रान हवे. आमच्या वाड्याचे अंगण त्यास पुरेल, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

जात कोणतीही ठरो, पैसे हाती ठेवण्याआधी पैदासकाराकडे स्वतः जावे, पिल्लांची आई पाहावी, लसीची नोंद मागावी. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते, व आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकावयाचे नसते. ‘स्टेशनवर आणून देतो’ म्हणणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा. चांगला पैदासकार उलट आपल्यालाच विचारतो: दिवसभर घरी कोण असते? तुम्ही परगावी गेलात की कोण सांभाळील?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे अद्याप कोणी दिलेले नाही. तोवर नातवाचा हट्ट मी अडवून धरला आहे.