वरची माती आणि खालचे थर

जमीन पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा तिच्यावरून दोन फेऱ्या मारतो, मूठभर माती चोळून पाहतो आणि 'काळी आहे, भारी आहे' एवढ्यावर आपले मत ठरवितो. द्राक्षाची बाग लावतानाही हाच प्रकार. वेलीच्या मुळांना ज्या मातीत पुढील दहापंधरा वर्षे काढावयाची, ती माती मात्र कोणी पाहिलेलीच नसते.

पंचवटीच्या आसपास, गोदावरीच्या किंवा वाघाडीसारख्या ओहोळाच्या काठी, जुन्या विहिरीची न बांधलेली कड निरखून पाहावी. वर चिकण, मध्ये वाळूचा पट्टा, पुन्हा पोयटा आणि खाली गोटे, असे थर पुष्कळदा सुरीने कापल्यासारखे वेगळे दिसतात. हे नदीचे काम होय. पाण्याचा वेग मोठा असला म्हणजे गोटे वाहतात. वेग मंदावला की प्रथम ते, मग वाळू आणि अखेर चिकण खाली बसते. बरणीत माती कालवून ठेवली तरी हे कळते. वाळूचे कण १० सेंटिमीटर पाणी पाच मिनिटांच्या आत उतरतात, चिकणमातीच्या ०.००२ मिलिमीटर कणास तेवढ्याच अंतरास सुमारे आठ तास लागतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ सालचे पूर दुतोंड्या मारुतीच्या खुणेने आपण मोजले; असे हजारो पूर येऊन गेले आणि नदीने पात्रही बदलले. जेथे पूर्वी धार होती तेथे पुढे संथ पाणी पसरले, म्हणून गोट्यांवर चिकण आली. नाशिकजवळच्या अशाच गोट्यांच्या थरांतून डॉ. सांकळिया यांनी अश्मयुगीन हत्यारे शोधिली व १९५२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या शेताखालचे थर किती जुने असू शकतात हे त्यावरून समजावे.

नदीपासून दूर कारण निराळे. तेथे काळा पाषाण जागीच कुजून मुरूम झाला, मुरमाची माती झाली. काळ्या मातीस उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, आणि ती स्वतःच स्वतःस कालवीत राहते. म्हणून ती वरपासून खालपर्यंत बरीचशी एकसारखी असते आणि मुरमाशी आली की एकदम संपते.

आता यात शेतकऱ्याचे काय जाते? चिकणाखाली वाळू असली तर पाणी भराभर निचरून जाईल असे वाटते. घडते उलट. वरची चिकण जवळजवळ तुडुंब झाल्याखेरीज पाणी खालच्या मोकळ्या थरात उतरतच नाही, कारण बारीक छिद्रे ते धरून ठेवितात. रब्बी ज्वारीस हा साठा लाभाचा. द्राक्षाची मुळे मात्र पावसाळ्यात गुदमरतात. वर हलकी व खाली चिकण असली तर पाणी चिकणावर तुंबते. आमच्या पाहण्यातील एका बागेत निम्म्या ओळी पिवळ्या पडल्या. दोन हंगाम औषधे व खते झाली. शेवटी खड्डा खणला तेव्हा दोन हातांवर गोट्यांचा थर निघाला, आणि तो नेमका पिवळ्या ओळींखालीच होता.

सन २०१५ पासून मिळू लागलेली मृद आरोग्य पत्रिका उपयुक्त आहे, परंतु तिचा नमुना वरच्या १५–२० सेंटिमीटर मातीचा. खालच्या थराविषयी ती काही सांगत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणेही गैर. सबब आमचे आग्रहाचे म्हणणे असे की, लागवडीपूर्वी प्रत्येक तुकड्यात, निदान चढाला व उताराला, चार-पाच फूट खोल खड्डा घ्यावाच. बागेस येणाऱ्या खर्चापुढे एका दिवसाची मजुरी ती काय!

धरणातील गाळ आणून टाकण्याची हौस हल्ली वाढली आहे. गाळ चांगला, पण मुरमावर फूटभर नुसता पसरून ठेविला तर नदीने केले तेच आपण एका उन्हाळ्यात करतो. पातळ थर द्यावा, नांगराने खालच्या मातीत पुरता मिसळावा, आणि मगच दुसरा द्यावा. ज्यांनी गेल्या साली गाळ टाकून तसाच ठेविला आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा कुदळ मारून सांधा कोठे आहे ते पाहून घ्यावे.