वाळूचा बांध आणि मागचं गवत

अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यापासून दूर, मेक्सिकोच्या आखातात, शांडलूर बेटांची अर्धचंद्राकृती रांग आहे. मिसिसिपी नदीने पात्र बदललं, जुन्या मुखाला गाळ मिळेनासा झाला आणि मागे उरलेली वाळू लाटांनी रचत, झिजवत नेली. तीच ही बेटं. 2005च्या कतरिना वादळात त्यांची सुमारे 85 टक्के जमीन गेली, जुनं दीपगृहही गेलं. मग बुडणाऱ्या वाळूवर पैसा कशाला, असं विचारलं जातं. 2010च्या तेलगळतीनंतर तिथे घातलेला वाळूचा बांध लवकरच वाहून गेला, हा दाखलाही खराच आहे. पण तो बांध तेल अडवण्यासाठी घाईने घातलेला होता, बेट जगवण्यासाठी नव्हे.

बेटाचं मोल त्याच्या आडोशात आहे. मागच्या उथळ, नितळ पाण्यात समुद्री गवताची कुरणं आहेत, त्यांत कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. गुडघाभर पाण्यात उभा राहून गळ टाकणारा माणूस या गवताच्याच भरवशावर इतक्या लांब येतो. वाळू गेली की लाट थेट गवतावर येईल. 2022मध्ये विमानातून पाहणी करताना वाळूवर कासवांच्या सरपटण्याच्या खुणा दिसल्या, पुढे केम्प्स रिडले कासवाची पिल्लंही सापडली. या बेटांवर ती किमान 75 वर्षांत नोंदली गेली नव्हती. पाहणी थांबली असती तर हे कळलंच नसतं. म्हणून वाळू घालावी, आणि पाहणीही दरवर्षी चालू ठेवावी.