पाच पैशांचे तिकीट

१९७१ च्या डिसेंबर महिन्यात मद्रासमधील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, एग्मोर भागातून एखाद्या मराठी माणसाने कोल्हापूरला आपल्या घरी पत्र पाठवले असते, तर नेहमीच्या टपालखर्चाखेरीज त्याला पाकिटावर पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागले असते. त्या तिकिटावर निर्वासितांचे चित्र होते. पत्रातील मजकूर घरगुती सुखदुःखाचा असला, तरी ते पत्र शेकडो मैल दूर असलेल्या अनोळखी माणसांच्या दुःखाशी जोडले जात होते.

हे दुःख पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील जनतेचे होते. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाका शहरात नागरिकांची कत्तल सुरू केली. विद्यापीठातील विद्यार्थी आणि प्राध्यापकही तिला बळी पडले. पुढील नऊ महिन्यांत गावे जाळली गेली आणि असंख्य स्त्रियांवर अत्याचार झाले. मृतांच्या नेमक्या संख्येविषयी आजही मतभेद आहेत. मात्र जीव वाचवण्यासाठी सुमारे १ कोटी लोक सीमा ओलांडून भारतात आले, हे सर्वमान्य आहे. त्यांच्या अन्न, निवारा आणि औषधपाण्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा कर बसवण्यात आला. गरज इतकी तातडीची होती, की नवे तिकीट तयार होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी काढलेल्या तिकिटांवरच निर्वासित साहाय्याचे शब्द उमटवण्यात आले. काही डाकघरांनी तर साध्या रबरी शिक्क्यांवर काम भागवले.

हा कर सक्तीचा होता, मग त्याला दान कसे म्हणावे, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. दानाला मनाची संमती लागते. परंतु सक्तीच्या या छोट्या रकमेतही एक मोठा विचार दडलेला होता. परक्याचे दुःख निवारण्याची जबाबदारी केवळ धनिकांची नाही. पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाचा तीत वाटा आहे, हा तो विचार. ज्याच्यापाशी द्यायला फार थोडे आहे, त्यालाही देणाऱ्यांच्या पंगतीत मानाचे पान मिळाले.

स्वेच्छेने दिलेल्या मदतीचे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. सतारवादक पंडित रविशंकर यांनी आपले मित्र जॉर्ज हॅरिसन यांना बंगालच्या यातना सांगितल्या आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे दोघांच्या पुढाकाराने मदतनिधीसाठी संगीताचे दोन कार्यक्रम झाले. सुमारे ४० हजार श्रोते आले. तिकीटविक्रीतून मिळालेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर ‘युनिसेफ’ या बालकल्याण संस्थेकडे सुपूर्त करण्यात आले. मात्र या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे मोठे उत्पन्न करविषयक चौकशीत कित्येक वर्षे अडकून पडले. हेतू कितीही निर्मळ असला, तरी हिशेब आणि कागदपत्रे यांची आधीच नीट व्यवस्था नसेल, तर मदत वेळेवर पोहोचत नाही, हा धडा प्रत्येक निधी जमवणाऱ्याने लक्षात ठेवावा. गोळा केलेला पैसा देणाऱ्याचा नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो. तो पीडिताची ठेव असतो.

१६ डिसेंबर १९७१ रोजी युद्ध संपले. पुढील काही महिन्यांत बहुतेक निर्वासित आपल्या देशी परतले. मार्च १९७३ अखेर पाच पैशांचा करही रद्द झाला. येथे मदतीचे काम संपले, असे अनेकांना वाटले. खरे तर तिचा अर्धाच भाग पूर्ण झाला होता.

वंशसंहारातून वाचलेल्या माणसाला अन्नाइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते. आपल्यावर जे गुदरले ते खरे होते, हे जगाने मान्य करावे, ही ती गरज होय. १९७१ मध्ये अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना ‘बीरांगना’ ही सन्मानाची पदवी देण्यात आली; तरीही समाजाच्या भीतीने अनेकींनी आयुष्यभर मौन पाळले. त्यांच्यापैकी काहींना स्वातंत्र्यसैनिक म्हणून अधिकृत मान्यता मिळण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. भुकेल्याला शिधा देता येतो, पण नाकारलेल्या सत्याची भरपाई शिध्याने होत नाही.

म्हणूनच स्मरणासाठी दिलेला पैसा वायफळ खर्च मानू नये. ढाक्यातील काही नागरिकांनी २२ मार्च १९९६ रोजी एका जुन्या भाड्याच्या घरात मुक्तियुद्ध संग्रहालय सुरू केले. मृतांच्या आप्तांनी जपून ठेवलेल्या वस्तू तेथे आणून दिल्या. लोकांच्या देणग्यांचाही हातभार लागून २०१७ मध्ये ते नव्या इमारतीत गेले. शाळकरी मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या आठवणी लिहून काढाव्यात, असा उपक्रमही या संग्रहालयाने चालवला. आजीने सांगावे आणि नातीने लिहावे, यापेक्षा अधिक टिकाऊ स्मारक कोणते?

शिबिरांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत असतात, तेव्हा हात आपोआप खिशाकडे जातो. छायाचित्रे थांबली की हातही थांबतो. पीडिताचे दुःख मात्र त्यानंतरही दीर्घकाळ चालूच राहते. त्यामुळे मदतीचे आवाहन करताना आजच्या अन्नाबरोबरच उद्याच्या स्मरणाचाही वाटा काढून ठेवला पाहिजे. पाच पैशांच्या त्या तिकिटाने लाखोंना जगवण्यास हातभार लावला. त्यांची कहाणी जगवण्याचे तिकीट मात्र प्रत्येक पिढीला नव्याने लावावे लागते.